बडोद्याची कोरफड आणि चार दिवसांचं ऋतुचक्र

२०१० साली ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून आलेला एक शोधनिबंध छापला गेला. लक्ष्मीप्रिया नंपूथिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्रोझोल नावाचं औषध देऊन उंदरांच्या माद्यांमध्ये पीसीओएससारखी (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बहुपुटिक अंडाशयाच्या विकारासारखी) अवस्था निर्माण केली होती आणि कोरफडीचा गर पाजल्यावर तिचं काय होतं ते तपासलं होतं. निबंध आकाराने बेताचा, भाषेने कोरडा. तरीही मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

शोधनिबंधाचं रसग्रहण ही कल्पना काहींना विचित्र वाटेल. कवितेत रस असतो आणि प्रयोगात निष्कर्ष, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. पण निष्कर्ष एका ओळीत सांगून मोकळं होता येतं. प्रयोग मात्र उलगडावा लागतो. कोणत्या गटासमोर कोणता गट उभा केला, काय मोजलं, किती दिवस वाट पाहिली, या निवडींमध्ये प्रयोग करणाऱ्याची प्रतिभा दिसते. पीसीओएसवर दालचिनी, मेथी, पुदिना, ज्येष्ठमध, दारुहळदीतलं बर्बेरीन असं काय काय उंदरांना देऊन पाहिलं गेलं आहे. या गर्दीत शिरायचं तर एक निबंध सावकाश वाचावा, म्हणजे बाकीचे कसे वाचायचे तेही कळत जातं.

आधी आजार पाहू. १९३५ साली शिकागोच्या अर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या हकिगती छापल्या. पाळी अनियमित किंवा बंद, काहींच्या अंगावर जास्तीचे केस, अंडाशय मोठे आणि पुटिकांनी भरलेले. त्यांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. त्या पुटिकांना आपण सहज ‘गाठी’ म्हणतो, पण त्या वाढता वाढता मध्येच थांबलेल्या बीजपुटिका असतात. बीज पिकत नाही, फुटत नाही, म्हणून पाळीचं गणित कोलमडतं. २००३च्या रॉटरडॅम निकषांनुसार पाळीतली अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटिक अंडाशय या तिन्हींपैकी कोणतीही दोन लक्षणं असली की निदान होतं. म्हणजे या एका नावाखाली निरनिराळ्या चेहऱ्यांच्या स्त्रिया येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो.

उंदराच्या मादीला हा आजार असा आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. कसा घडवायचा यावर साठ वर्षांहून अधिक काळ विचार चालू आहे. कुणी वयात न आलेल्या मादीला डीएचईए हे संप्रेरक टोचलं, कुणी इस्ट्राडायॉल व्हॅलरेटचं एकच इंजेक्शन दिलं, कुणी गर्भातल्या पिलांनाच पुरुषी संप्रेरकांच्या सान्निध्यात वाढवलं. लेट्रोझोलची वाट मात्र मला सगळ्यांत देखणी वाटते, कारण तिच्यात आजार बाहेरून लादलेला नसतो. अंडाशयाच्या स्वतःच्याच कामात एक खीळ घालून तो आतून उभा केलेला असतो.

अंडाशयात इस्ट्रोजेन दोन पेशीथर मिळून बनवतात. बीजपुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या थीका पेशी एलएच संप्रेरकाच्या हुकमाने पुरुषी संप्रेरकं तयार करतात. आतल्या थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या हुकमाने त्यांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. हे शेवटचं काम अरोमाटेज या एन्झाइमचं. लेट्रोझोल नेमकं अरोमाटेज रोखतं. मग टेस्टोस्टेरॉन साठत जातं, इस्ट्रोजेन घटतं. इस्ट्रोजेन कमी आहे हे मेंदूला कळतं आणि तो एलएच वाढवतो. वाढलेलं एलएच थीका पेशींना आणखी कामाला लावतं, टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. साधारण तीन आठवड्यांत हे दुष्टचक्र बसतं. त्या अंडाशयाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर द्रवाने फुगलेल्या पुटिका, पातळ पडलेला ग्रॅन्युलोसाचा थर आणि जाड झालेला थीकाचा थर दिसतो. एकच खीळ आणि तिच्या मागोमाग ओळीने घडत गेलेले परिणाम. कथानक म्हणून पाहिलं तरी ही रचना घट्ट विणीची आहे.

या कथानकात एक विलक्षण वळण आहे. हेच लेट्रोझोल पीसीओएस असलेल्या स्त्रीला बीज पिकावं म्हणून देतात. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७५० स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीन या जुन्या औषधाच्या गटात हे प्रमाण १९.१ टक्के होतं. एका प्राण्यात आजार घडवणारं औषध दुसऱ्यात तोच आजार ओलांडायला मदत कसं करतं? उत्तर काळात आहे. स्त्रीला ते पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात. तेवढ्यात इस्ट्रोजेन थोडं उतरतं, मेंदू एफएसएच वाढवतो, एक पुटिका पुढे सरकते आणि औषध थांबल्यावर अरोमाटेज पुन्हा कामाला लागतं. मादीला ते रोज, चक्रामागून चक्र दिलं जातं, खीळ निघतच नाही. पदार्थाचा गुण त्याच्या मात्रेपासून आणि मुदतीपासून वेगळा काढता येत नाही, हे या एका औषधाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं. ‘अमुक वनस्पती हार्मोन सुधारते’ असं विधान ऐकलं की मला लेट्रोझोल आठवतं आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती, आणि किती दिवस?

आता बडोद्याच्या प्रयोगाच्या गाभ्याकडे. चार्ल्स फॉस्टर जातीच्या, पाच महिन्यांच्या माद्या. लेट्रोझोल तोंडावाटे. नंतर कोरफडीच्या गरापासून केलेली तयारी, रोज १ मिली, म्हणजे १० मिलिग्रॅम, ४५ दिवस. मोजलं काय, तर ऋतुचक्र, साखर हाताळण्याची शरीराची क्षमता आणि अंडाशयात स्टेरॉइड संप्रेरकं घडवणाऱ्या एन्झाइमांची क्रिया. तिन्ही सुधारली, असं निबंध सांगतो.

४५ हा आकडा सहज वाचून पुढे जाऊ नये. उंदराच्या मादीला पाळी येत नाही, पण तिचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं. ४५ दिवसांत अशी नऊ ते अकरा चक्रं बसतात. स्त्रीच्या कॅलेंडरवर तेवढी चक्रं पाहायची तर पाऊण वर्षाच्या आसपास वाट पाहावी लागेल. एखादं चक्र योगायोगानेही जमून येतं. ओळीने चक्रं जमू लागली तरच ताल परत आला असं म्हणता येतं. गर चालू असेपर्यंत परिणाम टिकतो का हे कळण्याइतका अवधी या प्रयोगात आहे.

आणि हा ताल पाहायचा कसा, यात या प्रयोगप्रकाराचं खरं सौंदर्य आहे. रोज ठरलेल्या वेळी मादीच्या योनिमार्गात पिपेटने खाऱ्या पाण्याचा थेंब सोडायचा, परत ओढून घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. योनिमार्गातल्या पेशी तपासण्याची ही पद्धत जुनी आहे. १९१७ साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी ती गिनीपिगमध्ये वापरली. याच पापानिकोलाउंच्या नावाची पॅप चाचणी पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जगभर पोचली. १९२२ साली लाँग आणि एव्हान्स यांनी उंदराच्या मादीचं ऋतुचक्र याच पेशींवरून सविस्तर मांडलं.

निरोगी मादीच्या थेंबात रोज वेगळं चित्र असतं. चक्राच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रोइस्ट्रसमध्ये, गोल, ठळक केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके. इस्ट्रसमध्ये त्यांची जागा मोठ्या, केंद्रक हरवलेल्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी घेतात. पातळ पोहे पसरून ठेवावेत तशा त्या काचेवर दिसतात. इस्ट्रोजेनचा जोर येऊन गेल्याची ही खूण, आणि बीज सुटतं ते याच सुमाराला. मेटिस्ट्रसमध्ये या पेशींत बारीक पांढऱ्या पेशी मिसळू लागतात. डायेस्ट्रसमध्ये त्या पांढऱ्या पेशींचीच गर्दी होते. मग पुन्हा पहिलं चित्र. लेट्रोझोल दिलेल्या मादीत हे फिरणं थांबतं. आज पांढऱ्या पेशी, उद्या पांढऱ्या पेशी, परवाही त्याच. एवढ्याशा थेंबात अख्ख्या संप्रेरकव्यवस्थेचं अडकणं दिसतं. त्यासाठी रक्त काढावं लागत नाही की मादीचा जीव घ्यावा लागत नाही.

म्हणून ‘ऋतुचक्र पूर्ववत झालं’ हे निबंधातलं छोटं वाक्य मला मोलाचं वाटतं. कुठल्या तरी एका सकाळी पांढऱ्या पेशींच्या जागी त्या चपट्या पेशी आल्या असतील, चार-पाच दिवसांनी पुन्हा आल्या असतील, आणि हे रोज काचपट्टी पाहणाऱ्या कुणाच्या तरी वहीत नोंदलं गेलं असेल. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा एखादा आकडा खाली आला, यापेक्षा हा पुरावा वजनदार आहे, कारण मेंदू, अंडाशय आणि पुटिका यांचं संभाषण पुन्हा जुळल्याशिवाय हा ताल येत नाही.

प्रयोगाची दुसरी खुबी अशी की त्यात दोन प्रश्न वेगवेगळे ठेवलेले आहेत. आधी आजार घडवून मग गर दिला तर तो मागे फिरतो का, हा पहिला. लेट्रोझोल आणि गर बरोबरच दिले तर आजार मुळात होतो का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं कोरफडीच्या बाजूने आली. पण दोन्हींचा अर्थ सारखा नाही, आणि चोखंदळ वाचकाला इथेच थांबावंसं वाटतं. लेट्रोझोल हे शरीरातून निघून जाणारं औषध आहे, त्यामुळे ते बंद केल्यावर मादी आपणहून किती सावरते हे कळायला हवं. म्हणून या प्रकारच्या प्रयोगात आजारी केलेल्या पण गर न दिलेल्या गटाला फार महत्त्व. उपचाराच्या गटाचं कौतुक त्या गटाशेजारी ठेवूनच करता येतं. दोन्ही बरोबर दिल्याच्या प्रयोगात वेगळी शंका येते. गराने अंडाशयाचं रक्षण केलं, की लेट्रोझोलच्याच शोषणात किंवा कामात अडथळा आणला? आजार थोपवणं आणि आजार घडवणाऱ्याला थोपवणं यांचा फरक प्रयोगशाळेत मोठा असतो, कारण स्त्रीच्या शरीरात थोपवायला लेट्रोझोल नसतंच. या शंका निबंधाला कमी लेखण्यासाठी नाहीत. दोन प्रश्न वेगळे ठेवले म्हणूनच त्या विचारता येतात.

मग वनस्पती. आयुर्वेदात कोरफड म्हणजे कुमारी. कुमारी आसव महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पाळीच्या तक्रारींसाठी घेतलं जातं. रजःप्रवर्तिनी वटीत कासीस, टंकण आणि हिंगाबरोबर एलुवा, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक असतो. परंपरेचा हा धागा बडोद्याच्या प्रयोगाला आहे, पण त्यांनी वापरला तो गर. पान आडवं चिरलं की सालीलगत पिवळा, कडू चीक ओघळतो. त्याच्या आत पारदर्शक, बुळबुळीत गर असतो. चिकात अ‍ॅलोइनसारखी जुलाब करणारी द्रव्यं असतात आणि गर्भारपणात तो वर्ज्य मानतात. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क उंदरांना दोन वर्षं पाण्यातून दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्या अर्काला मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या ‘२ ब’ गटात टाकलं. एकाच पानातले दोन थर, एक उंदराच्या मादीचं ऋतुचक्र पूर्ववत करण्याच्या कामी तपासलेला, दुसरा जपून वापरायचा. निबंधाच्या शीर्षकात नुसती कोरफड न येता कोरफडीची ‘तयारी’ येते, ती याच काटेकोरपणातून.

मात्रेचं गणितही असंच जपून वाचावं लागतं. २०० ग्रॅमची मादी धरली तर १० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. ६० किलोच्या स्त्रीसाठी सरळ गुणाकार केला तर ३,००० मिलिग्रॅम येतात. पण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. त्यामुळे अमेरिकेच्या एफडीएच्या २००५च्या मार्गदर्शक सूत्राप्रमाणे उंदराच्या किलोमागच्या मात्रेला ६.२ने भागतात, मग हीच मात्रा ५०० मिलिग्रॅमच्याही खाली उतरते. दोन उत्तरांत सहापटीचा फरक. आणि हे सूत्रही माणसावरच्या पहिल्या चाचणीची सुरुवात सुरक्षित कुठून करावी एवढ्यासाठीच आहे. बाजारात मिळणाऱ्या रसाच्या बाटलीवरून चमचे मोजण्यासाठी ते नाही.

लेट्रोझोलच्या मादीला स्त्रीचं प्रतिरूप म्हणून किती मान द्यायचा, हे ठरवायला २००७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने केलेली तुलना उपयोगी पडते. त्यांनी काही माद्यांना लेट्रोझोल आणि काहींना डीएचटी हे पुरुषी संप्रेरक दीर्घकाळ दिलं. लेट्रोझोलच्या माद्यांचे अंडाशय मानवी पीसीओएसच्या अंडाशयांशी ठळकपणे मिळतेजुळते निघाले. साखर आणि चरबीच्या बिघाडासाठी मात्र डीएचटीच्या माद्या अधिक योग्य ठरल्या. म्हणून बडोद्याच्या निबंधातल्या दोन निकालांना मी सारखं वजन देत नाही. ऋतुचक्राचा निकाल या प्रतिरूपाच्या बलस्थानी उभा आहे; साखरेच्या निकालाला दुसऱ्या प्रकारच्या माद्यांची साक्ष मिळाली तर तो आणखी भक्कम होईल. शिवाय स्त्रीचा पीसीओएस जनुकं, किशोरवय, वजन, झोप, ताण अशा अनेक वाटांनी वर्षानुवर्षं घडत येतो. मादीचा आजार एका रसायनाने तीन आठवड्यांत घडवलेला. प्रतिरूपाची ही मर्यादा त्याच्या उपयुक्ततेचीच दुसरी बाजू आहे: एकच धागा ओढलेला असल्याने तो सुटला की नाही हे स्पष्ट दिसतं.

उंदरापासून स्त्रीपर्यंतच्या वाटेवर काय होतं याचं एक प्रामाणिक उदाहरण पुदिन्याच्या जातकुळीतल्या स्पिअरमिंटचं. बडोद्याचा निबंध आला त्याच २०१० साली ४२ स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींनी महिनाभर दिवसातून दोनदा स्पिअरमिंटचा चहा घेतला, काहींनी दुसऱ्या वनस्पतीचा. स्पिअरमिंटच्या गटात टेस्टोस्टेरॉन उतरलं, चेहऱ्यावरचे केस कमी जाचक वाटतात असं स्त्रियांनी स्वतः सांगितलं, पण डॉक्टरांनी ठरलेल्या मापाने मोजले तेव्हा केसांत फरक दिसला नाही. केस वाढण्या-गळण्याचं चक्र महिन्यापेक्षा मोठं असतं, हे त्याचं साधं कारण असू शकतं. रक्तातला आकडा, रुग्णाची भावना आणि डॉक्टरांचं माप हे तिन्ही त्या निबंधाने वेगवेगळे मांडले, आणि न जुळणारा निकाल लपवला नाही.

वनस्पतीने पुढे कुठवर जावं याचा आदर्श मात्र मेटफॉर्मिनने घालून दिला आहे. पीसीओएसच्या उपचारात आज सर्रास दिसणाऱ्या या गोळीचं मूळ युरोपातल्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत आहे. त्यातलं गॅलेजीन हे द्रव्य रक्तातली साखर उतरवायचं, पण विषारी होतं. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी त्याच कुळातलं मेटफॉर्मिन रसायनशाळेत बनवलं. १९५७ साली फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरल्याचे निकाल प्रसिद्ध केले. मधल्या ३५ वर्षांत आणि नंतरही द्रव्य कोणतं, मात्रा किती, धोका कुठे सुरू होतो, हे एकेक करून बांधलं गेलं. बडोद्याच्या गटाची दिशाही तीच आहे. २०१२ साली त्यांनी अशाच माद्यांमध्ये गराने ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल उतरतं, एचडीएल चढतं हे दाखवलं. पुढे गरातले पाण्यात न विरघळणारे घटक अंशतः वेगळे काढून त्यांचा परिणाम तपासला. एका निबंधावर न थांबता स्वतःच्याच निकालाला पुढचा प्रश्न विचारत राहणं, हे मला या कामाचं सगळ्यांत मोठं वैशिष्ट्य वाटतं.

या माद्यांनी त्यासाठी जीव दिला आहे. अंडाशयातल्या एन्झाइमांची क्रिया मोजायला अंडाशय बाहेर काढावा लागतो. भारतात असे प्रयोग नैतिकता समितीच्या परवानगीनेच करता येतात. बडोद्याचा निबंध आला त्याच वर्षी इंग्लंडमधून ‘अराइव्ह’ नावाची नियमावली आली. प्राणी किती घेतले, गटांत कसे वाटले, निकाल पाहणाऱ्याला गट ठाऊक होता का, हे सारं निबंधात उघड लिहावं, असं ती सांगते. ढिसाळ प्रयोगात गेलेला प्राणी फुकट जातो, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. म्हणून वनौषधींवरचा कोणताही प्राणिप्रयोग मी हातात घेतला की आधी या गोष्टी शोधते. कोणती वनस्पती जिंकली हे नंतर.

या निबंधाचं मोल मी असं करते. कोरफडीने स्त्रीचा पीसीओएस बरा होतो, असं तो म्हणत नाही आणि आपणही त्याच्या तोंडी ते घालू नये. अरोमाटेज रोखून अडकवलेलं उंदराच्या मादीचं ऋतुचक्र कोरफडीच्या गराची एक ठरावीक तयारी ४५ दिवस दिल्यावर पुन्हा फिरू लागलं, एवढं तो सांगतो. आणि तेवढं खरोखर मोठं आहे. या विधानाचा यथायोग्य सन्मान करायचा तर पुढचं काम ठरलेलं आहे: चीक पूर्ण काढलेला, घटक मोजून नक्की केलेला गर, रंगाचवीला तसाच दिसणारा निष्क्रिय गर, दोन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागलेल्या पीसीओएसच्या स्त्रिया, निदान सहा-आठ महिने, आणि पाळी आली की नाही यावर न थांबता, बीज सुटलं का हे प्रोजेस्टेरॉन मोजून पाहणं. कुमारी आसवावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवणाऱ्या आपल्या समाजाने अशी चाचणी मागावी, तिला पैसा द्यावा, आणि तिचं उत्तर काहीही आलं तरी ते मान्य करावं.